पांढऱ्या भाजीचा डबा

मनवेलपाड्याच्या चाळीत आमच्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यासमोर हातभर अंतरावर दुसऱ्या चाळीची भिंत. अण्णा त्या भिंतीकडे बघत पडून असायचे. कामणच्या गोदामात माल उतरवताना कापडाचा गठ्ठा त्यांच्या पाठीवर आला होता. मुकादम म्हणाला, "दोन दिवस आराम कर, मग ये." ते दोन दिवस संपलेच नाहीत. दुखण्याच्या गोळ्या खाऊन पाठ होती तशीच राहिली, पोटात मात्र जखम झाली. दवाखान्यात सांगितलं, तिखट बंद. मिरची नाही, मसाला नाही, ठेच्याचं तर नावही काढायचं नाही. अण्णा माणदेशातले. त्यांना हे सांगणं म्हणजे तुमचं जेवण आजपासून बंद, असंच सांगणं होतं.

तिखट ही चवीची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी थोडक्या कालवणावर जास्त भाकरी कधी खाल्लेली नसते. बोटभर ठेच्यावर दीड भाकरी जाते, वर तांब्याभर पाणी, आणि पोटाला कळतही नाही की आपल्याला फसवलंय. सौम्य भाजीचं तसं नाही. ती वाटीभर लागते, वरून आणखी थोडी लागते. सौम्य खायचं तर घरात भरपूर असावं लागतं. आमच्याकडे भरपूर काहीच नव्हतं. अण्णांना पातळ वरण-भात, आणि आम्ही दोघी, आई आणि मी, ठेच्यावर. ते जेवताना स्वतःच्या ताटाकडे बघत नसत. आमच्या ताटांकडे बघत.

आता मी बोळींजला राहते, स्टेशनच्या पश्चिमेला, तिसऱ्या मजल्यावर. एप्रिल आला की आमच्या बाल्कनीखालून दोन तऱ्हेची पोरं जातात. सकाळी परीक्षेला निघालेली, हातात पारदर्शक पाउच, ओठ हलताहेत. आणि रविवारी पहिल्या कम्युनियनला, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा प्रसाद घ्यायला, चर्चमध्ये निघालेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी, पांढरे फ्रॉक, पांढरे मोजे, डोक्यावर पांढऱ्या फुलांची कडी. फ्रॉक मळू नये म्हणून आया त्यांना रस्त्याच्या मधोमध चालवतात. ही दोन्ही दृश्यं एका आठवड्यात दिसली की माझ्या जिभेवर काजूची गोडसर चव येते. तिच्यामागून जे येतं ते गोड नसतं.

त्याच आठवड्यात कधीतरी मी ती भाजी करते. पांढऱ्या रश्शातलं चिकन, आणि त्यातच पनीर. दर वर्षी करते. घरातले सगळे खातात, बोटं चाटतात. आई खात नाही. मी ताट वाढते, ती वाटी उचलून बाजूला ठेवते आणि म्हणते, "मला नको. जड हुतं." मग वरण-भात घेते, कडेला ठेचा. माझ्या हातची ती भाजी आईने एकदा खावी, एवढंच मला हवं होतं. सोळा वर्षं हवं होतं.

कांदा तळायचा नाही, उकडायचा. ही पहिली गोष्ट. तळला की रंग येतो. उकडलेला कांदा, भिजवलेले काजूतुकडे आणि खरबुजाच्या बियांचा मगज एकत्र गुळगुळीत वाटायचे. हिरवी मिरची चिरून घालायची नाही, अख्खी, नुसती एक चीर देऊन, आणि वाढायच्या आधी मोजून काढून घ्यायची. किती घातल्या ते लक्षात ठेवायचं. हळद नाही. लाल तिखट नाही. दही फेटून, आच बारीक करून, एका दिशेने ढवळत घालायचं, नाहीतर फुटतं. शेवटी मिरपूड आणि तळहातावर चोळलेली कसुरी मेथी. हे मी कुठल्या पुस्तकातून शिकले नाही. एकाच दिवसात शिकले, आणि त्या दिवशी माझ्या हातात डबा नव्हता.

आई तेव्हा नंदाखाल गावच्या रेजिनाबाईंकडे कामाला जायची. रेजिनाबाई लग्नांची, बारशांची, कम्युनियनची जेवणं करून द्यायच्या. घरामागच्या वाडीत, नारळाखाली, तीन मोठ्या चुली. मदतीला सहा-सात बायका. त्या आपसांत त्यांच्या घरच्या बोलीत बोलायच्या, ती आईला अर्धी कळायची. उरलेली अर्धी, आई म्हणायची, हातांवरून कळते. एप्रिल-मे हा त्यांचा मोसम. आई रविवारी सकाळच्या पहिल्या बसने जायची आणि दुपारी तीनला परत यायची, हातात तीन पेल्यांएवढा स्टीलचा डबा. झाकणावर ठिपक्या-ठिपक्यांनी अण्णांचं नाव कोरलेलं.

त्या डब्यात ती भाजी असायची. तिखट नसलेली, म्हणून अण्णांना चालणारी. आठवड्यातून एकदा अण्णा भिंतीकडे पाठ करून बसायचे. आई त्यांना चिकनचे तुकडे वाढायची, मला पनीरचे. मला हाडं सोलत बसायला आवडायचं नाही. पनीर दाबलं की त्यातून रस्सा यायचा. अण्णा वाटी तोंडाला लावून शेवटचा थेंब प्यायचे आणि म्हणायचे, "मोठ्या लोकांचं कालवण हाय बघ, वैशू. ह्याला घाम येत न्हाय." आई आमच्याकडे बघत बसायची. ती स्वतः काय खायची, हे मी तेव्हा पाहिलं नाही. विसरले असं म्हणणार नाही. पाहिलंच नाही.

मी टी. वाय. बी. कॉम.ला होते. आमच्या घराण्यात, आईकडून आणि अण्णांकडून, दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. चाळीतल्या बायका मला "कॉलेजवाली" म्हणायच्या. त्यात अर्धं कौतुक असायचं, अर्धा टोमणा. मी दोन्ही घ्यायची. मान वर करून नळावर पाणी भरायची.

श्वेता माझ्या वर्गात. स्टेशनच्या पश्चिमेला फ्लॅट, वडील मंत्रालयात. शेवटच्या परीक्षेचा अभ्यास आम्ही तिच्याकडे करायचो, कारण तिच्याकडे टेबल होतं. तिची आई, काकू, आम्हाला पोहे द्यायची, सरबत द्यायची. रोज त्यांचं खाऊन मला अवघडल्यासारखं व्हायचं. म्हणून एका रविवारी मी आईला म्हटलं, "डब्यातली भाजी थोडी ठेव. श्वेताकडे न्यायची आहे." आईला केवढा आनंद झाला. तिने अण्णांच्या वाटीतले दोन तुकडे परत डब्यात टाकले. अण्णा म्हणाले, "ने की. आमचं रोजचंच हाय." रोजचं नव्हतं. आठवड्याचं होतं.

काकूंनी ओट्याशी उभं राहून झाकण उघडलं.

"हे काय गं? चिकनमध्ये पनीर?"

"हो. आमच्याकडे असंच करतात," मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं. मला खरंच वाटायचं की ही एक भाजी आहे आणि तिचं नाव चिकन-पनीर.

काकू हसल्या. दुष्टपणे नाही. लहान मुलाने शर्ट उलटा घातला तर हसतात तसं. "असं कुणी करत नाही, बाळा. हॉलवर जेवणं उठली की दोन टोपांतलं उरलंसुरलं एकत्र करतात, ते हे. तुझी आई कॅटरिंगला जाते ना? मग बरोबर."

श्वेता पुस्तकातून वर बघेना. काकूंनी झाकण लावलं आणि डबा बाल्कनीत, फरशी पुसायच्या बादलीशेजारी नेऊन ठेवला. संध्याकाळी निघताना आठवणीने हातात दिला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, असं सगळ्याच घरांत शिकवतात. तो डबा रिकामा नव्हता. होता तसा भरलेलाच परत आला होता.

पुलाच्या पूर्वेला, नाल्याच्या कठड्यापाशी, मी तो उपडा केला. तीन कुत्री आली. त्यांनी पनीरही खाल्लं.

"संपली समदी?" आईने डबा हलवून बघितला. "काकूंना आवडली?"

"कुत्र्यांना आवडली."

आईचा हात थांबला.

"लोकांचं उष्टं माझ्या डब्यात देत जाऊ नकोस," मी म्हटलं. "मी कॉलेजात जाते. मला चार माणसांत तोंड दाखवायचं असतं."

"उष्टं न्हाय गं त्ये."

"मग काय आहे? चिकनमध्ये पनीर कोण घालतं? सांग ना, कोण घालतं?"

आईने डबा घासला, पुसला, आणि पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवला. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनी ऐकलं. खोली ती केवढी.

त्यानंतरच्या रविवारी आई रिकाम्या हाताने आली. पुढच्याही. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी अकाउंटन्सीच्या पेपरची तयारी करत होते आणि आपण काहीतरी धुऊन स्वच्छ केलंय असं मला वाटत होतं. तिसऱ्या रविवारी अण्णा छताकडे बघत म्हणाले, "सुमन, आता भाजी करत न्हाईत व्हय तिकडं?"

"करत्यात," आई म्हणाली. "पुरत न्हाय."

"बरं," अण्णा म्हणाले. आणि वरण-भात कालवायला लागले.

माझा शेवटचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईच्या उजव्या हातावर टोपाची वाफ आली. मनगटापर्यंत फोड. त्या रविवारी रेजिनाबाईंकडे मोसमातली शेवटची कम्युनियनची पंगत होती आणि आईच्या जागी कुणी नव्हतं. मी म्हटलं मी जाते. परीक्षा संपली होती, आणि मला मनातून वाटत होतं की आपण आईवर उपकार करतोय.

दाराशी आईने डाव्या हाताने खिळ्यावरचा डबा काढला. "वैशे, डबा घे."

"नको."

"घे गं. मोसम संपला आता."

"मी कामाला चाललेय, मागायला नाही," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

रेजिनाबाई उंच, काळ्यासावळ्या, पदर कमरेला खोचलेला. मला बघून म्हणाल्या, "सुमनची पोर? शिकलेली ती? बस, कांदे सोल. उकडायचे आहेत, जपून, रंग नको." मी हळदीचा डबा पुढे केला तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "हळद नको! पोरींचे फ्रॉक पांढरे. सांडलं तर आई रडेल, पोर रडेल, आणि शिव्या मला." तेव्हा मला कळलं की ती भाजी पांढरी का आणि सौम्य का. मोठ्या लोकांचं कालवण वगैरे काही नव्हतं. आठ वर्षांच्या पोरींसाठी होती ती, पांढऱ्या कपड्यांतल्या. एका मोठ्या टोपात रस्सा, मग त्याचे दोन भाग. एकात कोंबडी, दुसऱ्यात पनीर, शाकाहारी शेजाऱ्यांसाठी.

अकरा वाजले. मांडवात अजून कुणी बसलं नव्हतं. बँड वाजवणारे ताडपत्रीखाली चहा पीत होते. रेजिनाबाईंनी टोपांची झाकणं काढली, कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला, आणि ओरडल्या, "डबे आणा गं!"

सगळ्या बायका आपापले डबे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पाहुण्यांच्या आधी. यजमानांच्या आधी. रेजिनाबाई डाव खालपर्यंत घालून, चांगले तुकडे बघून, एकेक डबा काठोकाठ भरत होत्या.

मी बाजूच्या बाईला विचारलं, "हे आत्ताच?"

तिच्याआधी रेजिनाबाईंनीच उत्तर दिलं. "मग कधी? उपाशी हात वाढायला लागला की लोकांच्या ताटात कमी पडतं. माझ्या आईची रीत आहे. रांधणारीचा डबा पहिला, मग पंगत. एका बाईला एक डबा, टोप कुठलाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा डबा कुठाय?"

मी कांद्याची सालं गोळा करायला लागले.

"तुझी आईपण महिनाभर आणत नाही. म्हणते घरात आता कोणी खात नाही. खरं काय?" मग स्वतःशीच हसल्या. "तुझी आई एकटीच तसली. बाकीच्या नुसती कोंबडी नेतात. ही अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. मी म्हटलं, सुमन, असं कोण खातं गं? तर म्हणे, पोरीला पनीर आवडतं, नवऱ्याला कोंबडी, आणि डबा एकच. मी काय करू?"

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

"पानात बांधून देऊ?" त्यांनी विचारलं. मागे वाडीत केळीची पानं हवी तेवढी होती.

"नको," मी म्हटलं.

का म्हटलं, याचं उत्तर मी इतक्या वर्षांत बऱ्याच तऱ्हांनी दिलंय. खरं एवढंच आहे की ते पान आईसमोर उघडताना मला बोलावं लागलं असतं, आणि बोलायची माझी तयारी नव्हती. दिवसभर मी पांढऱ्या फ्रॉकच्या पोरींना वाढलं. एकीनेही सांडलं नाही. मी रिकाम्या हाताने घरी आले. आई माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "दमली असशील." अण्णांनीही माझ्या हातांकडे बघितलं. मग ते भिंतीकडे वळले.

मी ठरवलं, पुढच्या मोसमात आईसोबत जाईन, दोन डबे आणू. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णा गेले. पोटातली जखम फुटली, डॉक्टर म्हणाले. त्यांचं शेवटचं जेवण वरण-भात होतं. जुलैत निकाल लागला. पहिला वर्ग. आईने गुणपत्रिका डाव्या हातात धरली, उजव्यावरची कातडी अजून कोवळी होती. "अण्णास्नी दाखव," ती म्हणाली, आणि मी तो कागद त्यांच्या फोटोपुढे ठेवला. फोटोत ते भिंतीकडे बघत नव्हते, एवढंच.

त्याच दिवशी मी आईला म्हटलं, "रेजिनाबाईंनी मला सांगितलं. पहिला डबा तुमचा असतो."

"मग?"

"तू का नाही सांगितलंस?"

"सांगितलं हुतं. उष्टं न्हाय म्हनलं हुतं," आई म्हणाली. "तुला त्या काकूंचं खरं वाटलं."

 

मी विमा कचेरीत लागले, वर चढत गेले. आज वसईच्या शाखेत माझ्या नावाची पाटी आहे, आणि माझ्या सहीशिवाय कागद हलत नाही. ज्या पश्चिमेत माझा डबा बाल्कनीत ठेवला गेला, त्याच पश्चिमेत मी माझ्या नावावर घर घेतलं. हे मी नम्रपणे सांगणार नाही. नम्रपणा ज्यांना वारशात मिळतो त्यांनी करावा. पण या घराच्या ओट्यावर दर एप्रिलला मी ती भाजी रांधते आणि आई वाटी बाजूला ठेवते, आणि पाटीचा काही उपयोग होत नाही.

या एप्रिलचं सांगते. लताताई आमच्याकडे सात वर्षं धुणंभांडी करतात. राहतात मनवेलपाड्यातच, आमच्या जुन्या चाळीच्या मागच्या गल्लीत. रविवारी मी रस्सा ढवळत होते, त्या भांडी घासत होत्या.

"ताई, उद्या मी येणार नाय हां. पोरीचा शेवटचा पेपर. टीवायचा."

"अरे वा! मग काहीतरी घेऊन जा तिला," मी म्हटलं, आणि सवयीने फ्रीज उघडला. आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला, त्यात परवाची वांग्याची भाजी काढली. "चांगली आहे अजून. गरम करून घ्या."

"चालेल की," लताताई म्हणाल्या. त्या नेहमी तेच म्हणतात.

आई दाराशी पाटावर लसूण सोलत होती. म्हणाली, "परवाची कशाला? आज शिजतीया ती दे की."

"आधी जेवणं होऊ दे आई. मग उरली की—"

मी तिथेच थांबले. हातात वांग्याचा डबा होता. सात वर्षं मी या बाईला उरलेलंच दिलंय. चांगलं, झाकून ठेवलेलं, शिळं नसलेलं, पण उरलेलं. आईने सात वर्षं ते बघितलं होतं आणि एक शब्द बोलली नव्हती. काकूंचं हसणं मी इतकी वर्षं मनात धरून ठेवलं. त्या निदान बाल्कनीतला डबा मला देताना "चांगली आहे अजून" म्हणाल्या नव्हत्या.

आई उठली. माळ्यावरच्या पिशवीतून एक डबा काढून आणला. झाकण एका बाजूने चेपलेलं, वर ठिपक्यांत अण्णांचं नाव. मला वाटत होतं तो चाळ सोडताना गेला. तिने तो ओट्यावर ठेवला.

"भर."

मी डाव खालपर्यंत घातला. चिकनचे मोठे तुकडे बघून काढले, मग पनीरचे. काठोकाठ भरला. लताताई ओले हात पुसत म्हणाल्या, "अहो ताई, एवढं? तुमचं कुणाचं जेवण पण नाय झालं." मग डब्यात वाकून बघितलं. "चिकनमध्ये पनीर? असं पण करतात?"

"आमच्यात करत्यात," आई म्हणाली.

लताताई गेल्यावर मी पानं मांडली. आईच्या ताटात वरण-भात वाढला, कडेला ठेचा, आणि सवयीने ती वाटीही ठेवली. आईने वाटी उचलली. मी बघायचं नाही असं ठरवून बघत होते. तिने ती बाजूला ठेवली नाही. भातावर ओतली. कालवली. एक घास, दुसरा घास. पनीरचा तुकडा बोटांत दाबून बघितला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

मी मीठ आणायला उठले, तर म्हणाली, "असू दे. वाढ अजून थोडी."

अण्णांच्या वाट्याची मी नाल्यावर कुत्र्यांना घातली होती. ती आता कुणालाच वाढता येणार नाही, आणि कुठल्याही पदवीने ती भरून येत नाही. पण मी आमच्या दोन्ही घराण्यांतली पहिली पदवीधर आहे. घर माझ्या नावावर आहे. आणि या एप्रिलमध्ये, माझ्या घरात, माझ्या हातची पांढरी भाजी माझ्या आईने बसून दोनदा वाढून घेतली. एवढं जमलं.